अर्क, संप्रेरक आणि ययाती

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे शार्ल ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शास्त्रज्ञाने एक विलक्षण निवेदन केले. कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क त्याने स्वतःला टोचून घेतला होता आणि ओसरलेली शक्ती पुन्हा अंगी आली, असे तो सांगत होता. हा गृहस्थ भोंदू नव्हता. मज्जारज्जूवरील त्याच्या मौलिक संशोधनामुळे एका विकाराला आजही त्याचे नाव आहे. त्याच्या शब्दाला वजन असल्यामुळेच अशा अर्कांचा मोठा बाजार पाहता पाहता उभा राहिला. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच्याच कृतीने अर्क बनवून पाहिला, तेव्हा त्यात टेस्टोस्टेरॉनचा अंश नगण्य निघाला. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अनुभव खरा होता; पण तो औषधाचा नव्हता, श्रद्धेचा होता.

टेस्टोस्टेरॉन उपचाराचा इतिहास वाचताना हे पहिले पान विसरून चालत नाही, असे आम्हांस वाटते. या इतिहासात औषधाच्या आधी आशा जन्मली, आणि औषध हाती आल्यावरही ती त्याच्या पुढेच धावत राहिली.

खऱ्या शास्त्राचा आरंभ मात्र चाळीस वर्षे आधीच, अगदी निमूटपणे झाला होता. १८४९ साली गॉटिंगेनच्या बर्टोल्डने सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढले की तुरा सुकतो, आरवणे व झुंजणे थांबते. तेच वृषण पोटात पुन्हा बसवले की सारे टिकून राहते. मूळचे मज्जातंतू तुटलेले असूनही परिणाम होतो, तेव्हा तो रक्तावाटे होत असला पाहिजे, हे त्याने ताडले. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या श्टाइनाखने शुक्रवाहिनी बांधून तारुण्य परत आणण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली, तर पॅरिसमध्ये व्होरोनॉफ माकडांच्या वृषणांचे तुकडे माणसांत बसवू लागला. साहित्याच्या अभ्यासकांना हा काळ अपरिचित नाही. १९२३ साली कॉनन डॉइलने एका होम्सकथेत लंगुरापासून बनवलेली लस टोचून घेणारा म्हातारा प्राध्यापक रंगवला. फ्रॉइडने त्याच वर्षी श्टाइनाखची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि कवी येट्सने १९३४ साली, अडुसष्टाव्या वर्षी. आपली प्रतिभा पुन्हा जागी झाली, असे येट्स मानी. त्याच्या अखेरच्या कवितांचे तेज नाकारण्याचे कारण नाही. परंतु शुक्रवाहिनी बांधल्याने संप्रेरक वाढत नाही. त्या कवितांचे श्रेय शल्यवैद्याला देता येणार नाही.

१९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये सुमारे शंभर किलो बैलांच्या वृषणांतून दहा मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य निघाले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळाले. त्याच वर्षी बूटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत घडवले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना विभागून मिळाले. ज्यांचे वृषण वा पोषग्रंथी आजाराने निकामी झाली आहे, त्यांच्यासाठी हे खरोखरच वरदान ठरले.

परंतु आजार आणि वार्धक्य यांमधली रेषा बाजाराने पुसत नेली. २०१५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला सांगावे लागले, की केवळ वय झाले म्हणून या उपचाराचा लाभ व सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. हृदयविकाराच्या शंकेपोटी मोठी चाचणी घेण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४५ ते ८० वयाचे, कमी टेस्टोस्टेरॉनचे आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले ५,२४६ पुरुष होते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा त्यांमुळे येणारा मृत्यू यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के आढळले. मोठे भय ओसरले. पण हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, फुफ्फुसातील रक्तगुठळी आणि मूत्रपिंडाची इजा औषध घेणाऱ्यांत अधिक दिसली. पुढच्याच वर्षी कळले, की त्यांच्यात अस्थिभंगही कमी झाले नव्हते. उलट अधिक होते. शिवाय हा निर्वाळा रक्ततपासणीत उणीव आढळलेल्या पुरुषांपुरता आहे. धडधाकट माणसाच्या हौसेला तो लागू होत नाही.

या औषधाचा सर्वांत अर्थपूर्ण परिणाम मात्र जाहिरातीत नसतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले, की पोषग्रंथी वृषणांना आज्ञा देणे थांबवते. शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, अनेकदा थांबतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचीच इंजेक्शने पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासली गेली होती. औषध बंद केल्यावर बहुधा ही शक्ती परत येते, पण त्याला महिने लागतात आणि तशी हमी देता येत नाही. पौरुष विकत घ्यायला गेलेला तरुण पितृत्व गहाण टाकून येतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेले असेलच असे नाही.

येथे महाभारतातील ययाती आठवल्यावाचून राहत नाही. त्याने पुरूचे तारुण्य मागून घेतले. पुरूने ते जाणूनबुजून दिले. आजच्या ययातीचा पुरू अजून जन्मालाही आलेला नसतो. त्याची संमती कोण विचारणार? वैद्याने सुई उचलण्यापूर्वी सकाळच्या रक्ताची तपासणी दोनदा करावी आणि अपत्याची इच्छा आहे का, हे विचारावे, एवढा साधा नियम आहे. तो पाळला जाणे, हेच त्या न जन्मलेल्या पुरूच्या बाजूने बोलणे होय.