घाटातले इंजिन आणि मंगळयान

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्यात काही ठिकाणी ३७ मीटर अंतराला १ मीटर इतका चढ आहे. म्हणून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडतात. उतरताना एखाद्या गाडीचे ब्रेक निकामी झालेच, तर तिला वळवून थांबवायला चढणीचा आडफाटा असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. कर्जत-खालापूरच्या मुलांना हे पाहून माहीत असते. बिघाड होऊ शकतो, हे गृहीत धरूनच घाट चालवला जातो.

अवकाशातल्या सुटकेचा इतिहासही असाच आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या तिघा अंतराळवीरांना वाचवले ते सोबत नेलेल्या चांद्रयानाने. पृथ्वीवरून मदत पाठवणे शक्यच नव्हते. मग मंगळाच्या वाटेवर काय होणार?

५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघाले. पीएसएलव्ही अग्निबाण त्याला थेट मंगळाकडे धाडू शकत नव्हता. त्यामुळे यानाचे स्वतःचे इंजिन पुन्हापुन्हा चालवून पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने लांबवायची होती. ११ नोव्हेंबरला पर्यायी यंत्रणेची चाचणी चालू होती. इंधनाच्या झडपेची मुख्य व राखीव वेटोळी एकाच वेळी चालू करताच इंधनाचा प्रवाह थांबला. सेकंदाला १३० मीटर वेगवाढ हवी होती, मिळाली फक्त ३५. कक्षेचे दूरचे टोक १ लाख किलोमीटरवर जायचे, ते ७८,२७६ किलोमीटरवरच राहिले. मात्र यानाने कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता दिशा सांभाळणारी छोटी इंजिने चालू केली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मुख्य इंजिन पुन्हा चालवून उणीव भरून काढली. १ डिसेंबरला यान मंगळाकडे निघाले. ही संधी हुकली असती, तर पुढची सुमारे २६ महिन्यांनी येणार होती.

खरी कसोटी २४ सप्टेंबर २०१४ ला होती. सुमारे ३०० दिवस बंद असलेले इंजिन तेव्हा २४ मिनिटे चालायला हवे होते. संदेश पोचायलाच साडेबारा मिनिटे लागत, म्हणून सर्व आज्ञा आधीच भरून ठेवल्या होत्या. दोन दिवस आधी इंजिन ४ सेकंद चालवून पाहिले. ते रुसलेच, तर आठ छोट्या इंजिनांवर निभावण्याची तयारी होती. ती वेळ आली नाही.

सोबतच्या शिदोरीलाही मर्यादा असतेच. एप्रिल २०२२ मध्ये यान साडेसात तास मंगळाच्या सावलीत होते. त्याची बॅटरी १ तास ४० मिनिटांच्या ग्रहणाच्या हिशेबाने बनवलेली होती. संपर्क तुटला तो कायमचा. तरी सहा महिन्यांसाठी पाठवलेले यान जवळजवळ आठ वर्षे मंगळाभोवती फिरले.

वर्गात हे सांगून झाल्यावर आपण मुलांना एक प्रश्न विचारू शकतो: कॅच सायडिंगवर गाडी कधीच गेली नाही, तर ती बांधण्याचा खर्च वाया गेला का?