सशाचा माग

इचलकरंजीत माग म्हटलं की यंत्रमाग. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला बसवला, तेव्हापासून या शब्दाचा दुसरा अर्थ गावाला चटकन आठवत नाही. मला तो आईमुळं आठवला. नातवाच्या हातातलं जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांचं ‘बुद्ध’ उलटसुलट करत ती म्हणाली, “ह्यो कसला बुद्ध रं? डोळं बघ की, बशीएवढं!”

तिचे देव शेडमधल्या कॅलेंडरावरचे. गोरेगोमटे, कधी घाम न येणारे. पण तो चेहरा तरी कुठला जुना? राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मन तंत्रज्ञ आणले, आणि त्याचे देव घरोघरी भिंतीवर लागले. १९६७ मध्ये अनंत पैंनी सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ त्याच वळणावर गेली. राम वाईरकरांचा ‘कृष्ण’ बघा.

त्याआधीचे देव कुडाळजवळच्या पिंगुळीत भेटतात, ठाकर समाजाच्या चित्रकथींकडे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची. अशा सुट्या पानांचा गठ्ठा म्हणजे पोथी. एकेक पान लोकांसमोर धरायचं आणि रामायण गात सांगायचं. तिथल्या राम-रावणांचे डोळे चांगले टपोरे. बशीएवढे म्हणा हवं तर.

जपानातही चित्रं दाखवून धर्मकथा सांगायचं काम बौद्ध भिक्षू करत. त्याला ‘एतोकी’ म्हणतात. १९३० च्या सुमारास गोळ्या-मिठाई विकणारे कथेकरी सायकलीवर चित्रांची पेटी बांधून गल्लोगल्ली फिरू लागले, ही ‘कामिशिबाई’. त्यांच्यासाठी चित्रं काढणारे काहीजण पुढं मांगात, म्हणजे जपानी चित्रकथांत, गेले.

तेझुकांचं ‘बुद्ध’ १९७२ ते १९८३ असं क्रमशः आलं. सिद्धार्थ जन्मायच्या आधीच ताता नावाचा एक अस्पृश्य पोरगा कथा ताब्यात घेतो. हा ताता तेझुकांच्या कल्पनेतला. एवढी हिंमत आपल्या चित्रकथांना झाली नाही, असं माझं मत.

आणि सुरुवात कशानं? बर्फात कोसळलेला भुकेला म्हातारा. अस्वल नि कोल्हा खाणं आणून देतात. सशाला काही मिळत नाही, तो स्वतःच जाळात उडी घेतो. मूळ गोष्ट शशजातकातली, इथूनच तिकडं गेलेली. जातकात शक्र त्या सशाचं चित्र चंद्रावर काढतो.

ते पान आईला दाखवलं. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली. “आगं बया, ह्यो चांदोबातला ससा!”

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबानं पोथ्या जपून ठेवल्या आहेत. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणात उतरलात तर पोरांना तिथं न्या, आणि त्यांची मांगा पुस्तकंही पिशवीत असू द्या.