हर्णै : किनारा हेच बंदर

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याचे हर्णै हे कोकणातील मासळीच्या लिलावाचे एक प्रमुख केंद्र आहे. दापोलीपासून १५-१६ किलोमीटरवरचे हे गाव मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना परिचित आहे ते समोरच्या सुवर्णदुर्गामुळे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे ठाणे १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याने जिंकले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे आणखी तीन किल्ले आहेत. त्यांपैकी कनकदुर्गावर दीपगृह आहे, तर फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती.

एवढा इतिहास लाभलेल्या या बंदराला पिढ्यानपिढ्या एक साधी गोष्ट मात्र मिळाली नाही. ती म्हणजे मोठ्या नौकांना केव्हाही लागता येईल असा धक्का. येथील समुद्र उथळ असल्याने यांत्रिक नौका किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात. त्यांच्यावरील मासळी लहान होड्यांत उतरवली जाते आणि उथळ पाण्यात शिरलेल्या बैलगाड्यांतून वाळूवर आणली जाते. पर्यटक या बैलगाड्यांची छायाचित्रे हौसेने काढतात. मच्छीमारांच्या दृष्टीने मात्र ती दुहेरी हमाली आहे. चढ-उतारात वेळ जातो, मजुरी वाढते आणि बर्फातून बाहेर काढलेल्या मासळीचा ताजेपणा कमी होतो.

लिलाव सकाळी आणि दुपार कलल्यावर असा दोन वेळा भरतो. तो घड्याळाने मात्र चालत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि तिच्याबरोबर होड्यांची ये-जाही. वाळूवर मासळीचे ढीग मांडले जातात, भोवती घोळका जमतो आणि काही क्षणांत बोली संपते. सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी यांसारखी भारी मासळी व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून बाहेरगावी जाते. बांगडा, बोंबील आणि उरलेले किरकोळ म्हावरे कोळणी पाट्यांत भरून विक्रीला नेतात. अनेक नौकामालकांनी हंगामापूर्वी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते. अशा वेळी मासळी कोणाला द्यायची हे बोलीपूर्वीच ठरलेले असते. हर्णैप्रमाणेच शेजारच्या पाजपंढरीचे संसारही याच वाळूवरील उलाढालीवर चालतात.

धक्क्याची उणीव सर्वाधिक जाणवते ती वादळात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की उघड्या समुद्रात नांगरलेल्या नौका तेथे ठेवता येत नाहीत. जवळचा आसरा म्हणजे आंजर्ल्याची खाडी. परंतु खाडीच्या मुखाशी गाळ साचत असल्याने आत शिरण्यासाठीही भरतीची वाट पाहावी लागते, आणि वादळ काही भरतीची वेळ पाहून येत नाही. उशीर झाल्यास दाभोळ किंवा जयगड गाठावे लागते. त्यात डिझेल जळते आणि खलाशांचे दिवस वाया जातात. २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या सुमारास ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे अरबी समुद्रात आली. पावसाळ्यानंतर मासेमारीला जोर यायच्या त्या दिवसांत नौका आसऱ्याला बसून राहिल्या. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने तर दापोली तालुक्यात घरांची छपरे उडवली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या.

मासळीच्या वाट्यावरूनही तंटे आहेत. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी आकर्षित करण्यास केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली, तर २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातील दंड वाढवण्यात आले. कायदा कागदावर कडक आहे. रात्रीच्या समुद्रावर गस्त किती, हा पारंपरिक मच्छीमारांचा जुना प्रश्न आहे.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात; इंजिनांची दुरुस्ती आणि जाळी विणणे चालते. १ ऑगस्टला बंदी उठली, तरी समुद्र शांत झालेला असतोच असे नाही. त्यामुळे अनेक तांडेल नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच नौका पाण्यात लोटतात.