एका पानावर दोन लयी

पाश्चात्त्य स्वरलेखनाचा सगळा डोलारा बारच्या, म्हणजे मात्रांच्या ठरावीक गटाच्या, उभ्या रेघेवर आहे. पानावर एकाखाली एक लिहिलेली वाद्ये ही रेघ एकाच क्षणी ओलांडतात, असे त्यात धरून चाललेले असते. दोन वाद्यांची लयच निराळी असली, तर ही रेघ कोणाच्या हिशेबाने मारायची?

मोत्सार्टने १७८७ च्या ‘डॉन जोवानी’ या ऑपेरात गणिताने वाट काढली. पहिल्या अंकाच्या शेवटी रंगमंचावरचे तीन वाद्यवृंद एकाच वेळी तीन नाच वाजवतात. मिन्युएटच्या दोन बारांत काँट्रादान्सचे तीन बार बसतात. जर्मन नाचाचा अख्खा बार तर मिन्युएटच्या एका मात्रेत मावतो. रेघा विस्कटल्या तरी मात्रा जुळते. तबलजी दीडपट किंवा सव्वापट लयीत गेला तरी मूळ ठेका सुटत नाही, त्याच जातीचा हा प्रकार.

खरी फारकत विसाव्या शतकातली. संगीतकार स्टॉकहाउझेनच्या ‘ग्रुपेन’ या रचनेसाठी १९५८ मध्ये कोलोनला तीन वाद्यवृंदांपुढे आपापली लय धरणारे तीन संचालक उभे राहिले. कॉनलन नॅनकॅरोने वादकच वगळले. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढलेला हा अमेरिकन संगीतकार १९४० मध्ये मेक्सिको सिटीत स्थायिक झाला. स्वयंचलित पियानोचा उपयोग करण्याची कल्पना त्याला संगीतकार हेन्री कॉवेलच्या १९३० च्या पुस्तकात सापडली. या पियानोत कागदाची गुंडाळी सरकते आणि भोक आले की स्वर वाजतो. म्हणजे कागदावरची लांबी हाच काळ. बारच्या रेघेची गरजच नाही. नॅनकॅरो आधी कागदावर मापे आखून घेई आणि मग एकेक भोक हाताने पाडी. काही मिनिटांच्या रचनेला महिने लागत. या पियानोसाठीच्या त्याच्या ‘स्टडी’ मालिकेतल्या एकविसाव्या रचनेत एक आवाज वेग घेत जातो, दुसरा मंदावत जातो आणि मध्यावर दोघे एकमेकांना ओलांडतात.

संगणक आला आणि लेखन पुन्हा पानावर परतले. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरांपैकी ‘फिनाले’ १९८८ चे, ‘सिबेलियस’ १९९३ चे. त्यांनी छपाई सुबक केली, पण आतला कारभार रेघेचाच राहिला: सगळ्या पानाला एकच लय. त्यामुळे लिहिणाऱ्यांना युक्ती करावी लागते. वरच्या ओळीची लय मिनिटाला ८० मात्रा आणि खालचीची १०० असेल, तर वरच्या चार मात्रांच्या काळात खालच्या पाच बसतात. सॉफ्टवेअरला तो चारात पाचचा गट म्हणून सांगायचा, मग गटाचा कंस आणि आकडा लपवायचा. वाचणाऱ्याला साध्या मात्रा दिसतात. ‘लिलीपाँड’ या सॉफ्टवेअरमध्ये हे जास्त सरळ होते: बारची मोजणी प्रत्येक ओळीला स्वतंत्र देता येते आणि स्वरांचा काळ चार-पंचमांश करूनही ते छापताना पूर्वीसारखेच दिसतात.

ही युक्ती पूर्णांकांच्या प्रमाणांपुरतीच चालते. नॅनकॅरोच्या तेहतिसाव्या ‘स्टडी’तल्या दोन लयींचे प्रमाण २ आणि २ चे वर्गमूळ असे आहे. अशा गटांत ते लिहायचे तर ७ ला ५ किंवा १७ ला १२ अशा जवळच्या प्रमाणावर भागवावे लागते.