वाजवी संशय

वाशी, कळंब, भूम या तालुक्यांतील गुन्हेवार्ता नियमाने वाचणाऱ्याला एक शब्द वारंवार भेटतो. आरोपीच्या नावापुढे पत्ता येतो, आणि त्या पत्त्यात अमुक 'पारधी पिढी', तालुका वाशी किंवा तालुका कळंब, असे लिहिलेले असते. वस्तीला 'पिढी' म्हणण्याची ही आमच्या भागातील रीत कशी पडली असेल ते असो. परंतु मराठीच्या अभ्यासकाला तिथे क्षणभर थबकावे लागते. इतरांचा पत्ता गल्ली, पेठ, नगर असा असतो. इथे पत्त्यातच जमात आली आणि वंशही आला. कोण कुठे राहतो एवढे सांगण्यासाठी योजलेला शब्द तो कोणाच्या पोटी जन्मला तेही सांगून मोकळा होतो.

अटकेच्या कायद्याचा विचार या शब्दापासून सुरू करण्याचे कारण असे की, हा कायदा मुळात शब्दांवरच उभा आहे. न्यायाधीशाच्या हुकमावाचून पोलीस कोणाला धरू शकतात, या प्रश्नाचे उत्तर त्याने दोन शब्दप्रयोगांत दिले. गुन्हा 'दखलपात्र' हवा आणि संशय 'वाजवी' हवा. दखलपात्र गुन्हे कोणते, याची यादी संहितेला जोडलेली असते. तिथे वाद फारसा होत नाही. वाजवी संशयाची यादी मात्र कोणी करू शकत नाही. तो ठाण्यातल्या अंमलदाराच्या मनात उत्पन्न होतो, आणि मन ही काही कोरी पाटी नव्हे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५४ हे सर्वसाधारण अटकेचे होते. त्याला लागूनच असलेले कलम ५५ मात्र वाचण्यासारखे आहे. ज्याला उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नाही, ज्याला स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देता येत नाही, किंवा जो सवयीचा चोर-दरोडेखोर म्हणून ख्यात आहे, त्याला ठाणे अंमलदार विनावॉरंट पकडू शकत असे. इथे काय केले हा प्रश्नच नाही. तू कोण, हा प्रश्न आहे. बैलावर संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या माणसाचे 'दिसण्याजोगे साधन' कोणते सांगावे? शिकार हे साधन होते, पण ते जंगलाच्या कायद्यांनी गुन्ह्यात जमा केले. खेळ, गाणे, भविष्यकथन ही साधने होती. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे ही निमित्तेसुद्धा भिकेच्या व्याख्येत घातली. ज्यांना आपण लोकसाहित्याच्या पेपरात लोककलावंत म्हणून शिकवतो, त्यांच्यापैकी कित्येकांना ही व्याख्या नेमकी लागू पडते. अभ्यासक्रमात ते आदरणीय आणि चौकात अटकपात्र!

कलम ५५ ला निदान व्यक्ती तरी लागत होती. गुन्हेगार जमातींच्या कायद्याला तीही नको होती. १८७१ साली तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही पोहोचला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. मग नोंदणी, हजेरी, बोटांचे ठसे, गावाबाहेर जाण्यासाठी पास. १९२४ च्या कायद्यानुसार नोंदलेला इसम हद्दीबाहेर विनापास आढळला तर त्याला पोलीसच काय, गावचा पाटील किंवा राखणदारही वॉरंटावाचून पकडू शकत असे. म्हणजे चालणे हाच दखलपात्र गुन्हा झाला. सोलापुरात या जमातींसाठी काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तारा गेल्या, तरी त्या भागाचे 'सेटलमेंट' हे नाव सोलापूरकरांच्या तोंडी आजही आहे.

वाशीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारची बार्शी इंग्रजी अमलात. दोन राज्यांच्या अशा सीमेवर भटक्यांचे काय झाले असेल, हे समजायला फार मोठी कल्पनाशक्ती लागत नाही. अलीकडे अमीन आणि जमादार, पलीकडे फौजदार. आणि दोन्हीकडे 'तू इकडचा नव्हेस' हे एकच उत्तर. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी १९२४ चा कायदा आणि निरनिराळ्या राज्यांतील तत्सम कायदे रद्द झाले. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

पण भाषेच्या इतिहासात शब्द असे एका तारखेला मरत नाहीत. 'गुन्हेगार जमाती' गेल्या आणि त्यांच्या जागी 'सराईत गुन्हेगार' आले. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा स्वतंत्र कायदा केला. तत्त्वतः हा बदल मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. जन्माच्या जागी कृत्य आले, जमातीच्या जागी व्यक्ती आली. व्यवहारात मात्र नोंदवही तीच, ती उघडणारा हात तोच आणि पाने उलटण्याचा क्रमही तोच राहिला. १९७३ च्या संहितेने 'उपजीविकेचे साधन नसलेला' हा प्रकार वगळला, परंतु सवयीच्या गुन्हेगारांना विनावॉरंट पकडण्याची तरतूद कलम ४१ च्या दुसऱ्या पोटकलमात शिल्लक ठेवली. २०१० साली अंमलात आलेल्या दुरुस्तीने ती तिथून गेली.

या साऱ्या काळात ठाण्यांच्या बाहेर काय घडत होते, याची नोंद स्टेशन डायरीत शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. ती नोंद मराठी साहित्यात आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० सालचे, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ सालचे. यांतील 'उचल्या'चा तर आमच्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे. त्यातील धनेगाव आज लातूर जिल्ह्यात असले, तरी ऑगस्ट १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हा त्या पुस्तकातील बालपण हे जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातील पोलिसी कारभाराचेही चित्र आहे. घरात शिरणारे पोलीस, झडती, बायकापोरांसमोरची मारहाण, चोरीच्या मालातला वाटा. यांतल्या किती प्रसंगांत कायद्याच्या अर्थाने 'अटक' झाली असेल? बहुधा थोड्याच. पोलिसी मराठीत 'ताब्यात घेतले' आणि 'अटक केली' ही दोन क्रियापदे वेगळी आहेत, आणि या दोहोंमधले अंतर कधी काही तासांचे असते, कधी काही रात्रींचे. घटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेले चोवीस तास दुसऱ्या क्रियापदापासून मोजण्याचा प्रघात पडला. मारहाण पहिल्या क्रियापदात उरकते.

आपल्या समीक्षेने या आत्मकथनांचे स्वागत 'दाहक वास्तव', 'बोलीचे सामर्थ्य', 'अनुभवाची अस्सलता' या शब्दांनी केले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. ही पुस्तके न झालेल्या पंचनाम्यांची कागदपत्रे आहेत, असे कोणी फारसे म्हटले नाही. वर्गात आम्हीही त्यांतली वेदना शिकवली, कार्यपद्धती शिकवली नाही.

ती कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाच्या पटलावर यायला १९९० चे दशक उजाडले. जोगिंदर कुमार खटल्यात (१९९४) न्यायालयाने म्हटले की, अटक करण्याचा अधिकार असणे वेगळे आणि ती करण्याचे समर्थन असणे वेगळे. डी. के. बसू खटल्यात (डिसेंबर १९९६) अकरा सूचना दिल्या गेल्या. अटकेचा ज्ञापनलेख, त्यावर वेळ आणि तारीख, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर. वेळ आणि तारीख लिहिण्याची सक्ती ही साधी कारकुनी बाब वाटते. 'ताब्यात घेतले' आणि 'अटक केली' यांमधला काळोख मोजण्याचे ते पहिले साधन होते. अर्नेश कुमार निकालाने (२०१४) सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आपोआप अटक नको, आधी नोटीस द्या, असे बजावले.

दुसरी बाजूही लपवण्याचे कारण नाही. सोलापूर-धुळे महामार्गावर वाशी-येरमाळा पट्ट्यात रात्री वाहने अडवून लूट होते. लुटला जाणारा ट्रकचालक हाही कोणी सावकार नसतो. त्याची फिर्याद घेणाऱ्या अंमलदारावर वरून दबाव असतो, मनुष्यबळ तुटपुंजे असते. अशा वेळी संशयाची सोय लागते, आणि सोयीचा संशय पत्त्यावर जाऊन थांबतो. आमची तक्रार तपासाविषयी नाही, त्या थांबण्याविषयी आहे.

कारण संशय तिथे थांबला की काय होते, हे ५ मार्च २०१९ च्या एका निकालात दिसले. २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबावर रात्री भीषण हल्ला झाला. पाच जण मारले गेले. जालना जिल्ह्यातील सहा भटके मजूर पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली होती. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्याला सांगितले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि ती बाब न्यायालयापुढे आणलीच गेली नव्हती. आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर होते, याची नोंद निकालात आहे. मधल्या सोळा वर्षांचे मोल पाच लाखांत कसे बसवायचे, ते आम्हाला उमगलेले नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदाविषयी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींचा स्वतंत्र विचार केला. त्यांना मनमानी अटक होऊ नये यासाठी अर्नेश कुमार निकालातील सूचना पाळाव्यात, असे पोलिसांना सांगितले. म्हणजे विमुक्तीनंतर बहात्तर वर्षांनी हे वेगळे सांगावे लागले. त्याच वर्षी, १ जुलैपासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली होती. तिचे कलम ४३ काही विशिष्ट प्रकारच्या आरोपींना हातकडी घालण्यास मुभा देते, आणि त्या यादीच्या आरंभीच 'सराईत' हा आपला जुना परिचित उभा आहे. सोलापुरात एका आरोपीला हातकड्या घालून रस्त्याने मिरवले म्हणून १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा हजारांची भरपाई कायम केली होती. आता तोच प्रश्न आला, तर तो मनुष्य सराईत होता का, हे आधी विचारले जाईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तरी. इथे मात्र आम्हा भाषेच्या शिक्षकांचे कान टवकारले जातात. पारध्यांची घरातली बोली गुजरातीच्या कुळातली. तिची वाशीच्या ठाण्यात कोणाला ओळख असेल? मराठी त्यांना येते, पण ती बाजारातली. 'सदर', 'नमूद इसम', 'उपरोक्त' ही मराठी तर आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही दोनदा वाचावी लागते. आणि कारणांच्या रकान्यात काय लिहिले जाईल? पोलिसी प्रसिद्धीपत्रकांत एक ठरीव वाक्प्रचार असतो : विचारपूस करता 'उडवाउडवीची उत्तरे दिली'. १८९८ च्या कलम ५५ मधला, स्वतःविषयी 'समाधानकारक खुलासा' देऊ न शकणारा माणूस तो हाच.