बोटाचा ठसा व यंत्राचा नकार

अलीकडे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून व हौशी तरुणांच्या घरीं एक छोटेखानी उपकरण दिसूं लागलें आहे. त्याच्या माथ्यावर कांचेची एक खिडकी असते. तीवर बोट ठेविलें असतां तें बोट ओळखीचें कीं अनोळखी, हें उपकरण सांगतें. इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं जन्मास आलेल्या आर्डुइनो नांवाच्या स्वस्त बोर्डास हा सेन्सर चार तारांनीं जोडला, कीं कुलूप बोटानें उघडतां येतें. परंतु पुष्कळदां तें उघडत नाहीं. ‘सेन्सर सांपडला नाहीं’ असा तरी निरोप येतो, किंवा ‘बोट जुळलें नाहीं’ असा तरी. हे दोन नकार वरून सारखे भासले तरी त्यांचें कूळ एक नव्हे. आणि तो भेद ध्यानांत येण्यास या विद्येच्या इतिहासाकडे वळणें आम्हांस अवश्य वाटतें.

बंगालमधील जंगीपूर येथें १८५८ सालीं विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नामक ठेकेदाराशीं रस्त्याच्या मालाचा करार केला व कराराच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. कोनाईनें पुढें आपली सही नाकारूं नये, एवढाच त्यांतला हेतु. ओळख पटविण्याचें शास्त्र तेव्हां हर्शेलच्याही मनांत नव्हतें. या विद्येचा पाळणा अविश्वासाच्या दोरीनें हालला, असेंच म्हणावें लागतें. पुढें १८७७ सालीं हुगळी येथें त्यानें पेन्शनदारांचे व दस्त नोंदविणारांचे ठसे घेण्याची पद्धत पाडली. तेथें प्रश्न सोपा होता: समोर उभा असलेला मनुष्य तोच आहे काय?

१८८० सालीं जपानांतील स्कॉटिश डॉक्टर हेन्री फोल्ड्स यानें ठशांवरून गुन्हेगार ओळखतां येतील, असें ‘नेचर’ पत्रांत सुचविलें. १८९२ सालीं फ्रान्सिस गाल्टन यानें या विषयावर ग्रंथ लिहिला. मात्र त्याबरोबर दुसरा, अधिक बिकट प्रश्न उभा राहिला: हा मनुष्य कोण? हजारों कागदांतून नेमका एक कसा काढावयाचा? त्याचें उत्तर बंगालच्या पोलीस खात्यांत मिळालें. तेथील इन्स्पेक्टर-जनरल एडवर्ड हेन्री याच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस हे दोघे काम करीत. दहा बोटांपैकीं कोणत्यावर चक्र आहे व कोणत्यावर नाहीं, एवढ्यावरून १,०२४ वर्ग पडतात. तितक्या कप्प्यांत कागद विभागले, कीं शोध आटोक्यांत येतो. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, आणि १९०१ सालीं हीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डानें उचलली. पद्धतीस नांव मात्र हेन्रीचेंच राहिलें.

आजच्या सेन्सरांत ही सारी कचेरी एका चिपेंत सामावली आहे. ऑप्टिकल जातीच्या सेन्सरांत शाईची जागा प्रकाशानें घेतली. बोटावरील उंचवटे जेथें कांचेस टेकतात तेथें प्रकाशाचें परावर्तन मोडतें, खोलगट भागीं तें अभंग राहतें. त्यांतून रेषांचें चित्र उमटतें. नोंदणीच्या वेळीं बोट दोनदां ठेवावयाचें, दोन्ही चित्रांतील खुणा जुळल्या तरच नमुना साठविला जावयाचा. एकाच नमुन्याशीं ताडून पाहणें हें हुगळीचें काम. साठ्यांतून शोधणें हें कलकत्त्याचें.

आतां नकारांकडे वळूं. सेन्सर सांपडतच नसेल, तर बोटाचा त्यांत कांहींच संबंध नाहीं. पुरवठ्याचा विद्युद्दाब त्या नमुन्यास योग्य आहे काय, सेन्सरची पाठविणारी तार बोर्डाच्या घेणाऱ्या पिनेस जोडली आहे काय, जमिनीची तार दोहोंस समाईक आहे काय, हें आधीं पाहावें. या वर्गांतील पुष्कळ सेन्सर सेकंदास ५७,६०० बिट या वेगानें बोलतात. बोर्ड निराळ्या वेगानें ऐकत असेल, तर दोघे एकमेकांस मुकेच. सेन्सर सांपडला, पण चित्र अस्पष्ट असा निरोप आला, तर कांच पुसावी, बोट कोरडें करावें, अथवा फार कोरडें असल्यास किंचित् ओलें करावें. शाई फार झाली तर ठसा भरून जातो व कमी पडली तर तुटतो, ही जुन्या कारकुनाची अडचणच येथें नव्या वेषांत आली आहे. चित्र स्वच्छ असूनही बोट जुळेना, तर नोंदणी पुन्हा करावी; पहिल्या वेळीं बोट कडेवर टेकलें असण्याचा संभव असतो. एवढें झाल्यावरच ‘हें बोट परक्याचें’ असा निर्णय करावा.

हा क्रम केवळ हौशी तरुणांच्या उपयोगाचा आहे, असें मात्र नव्हे. २०१० च्या सप्टेंबरांत नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं आधार क्रमांकांचें वाटप सुरू झालें, आणि पुढें शिधावाटपाच्या दुकानीं बोट टेकणें नित्याचें झालें. विटा वाहणाऱ्या, भांडीं घांसणाऱ्या, शेतांत राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. म्हाताऱ्यांच्या त्या विरळ होतात. असें बोट यंत्रानें नाकारलें, म्हणजे तें बोट खोटें ठरत नाहीं. डोळ्याच्या बुबुळानें किंवा मोबाइलवर येणाऱ्या आंकड्यानें ओळख पटविण्याची सोय याचसाठीं असते. हर्शेलनें ठसा घेतला तो कोनाईवर विश्वास नव्हता म्हणून. त्या अविश्वासाचा थोडा वांटा यंत्राच्याही पदरीं घालावा. शिध्याची पिशवी रिकामी घेऊन कोणास माघारें धाडण्यापूर्वीं दुकानदारानें निदान कांच तरी पुसून पाहावी.