गाभ्यातील जागा

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या संगणकप्रणालीची वार्ता जाणकारांना कळविली, तेव्हा एक कबुलीही दिली. एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरी डिस्क ही प्रणाली बहुधा कधीच चालविणार नाही. कारण त्याच्याजवळ तेवढीच होती. हीच प्रणाली पुढे लिनक्स म्हणून जगभर पसरली.

प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात, आणि एकेका यंत्रभागाची बोली जाणणाऱ्या कार्यक्रमाला ड्रायव्हर. हा ड्रायव्हर मोटार हाकणारा नव्हे. त्याला दुभाषी म्हणणेच अधिक शोभेल. तो नसेल तर यंत्र समोर असूनही मुके. मग सारेच दुभाषी पदरी का बाळगू नयेत, असे कोणी विचारील. परंतु गाभ्यात बांधलेला ड्रायव्हर उपयोगी पडो वा न पडो, स्मृतीत जागा अडवून बसे. आणि त्या काळी पुष्कळांच्या संगणकाची सारी स्मृती चार मेगाबाइटांची. शिवाय संगणक प्रथम सुरू करावयाचा तो १.४४ मेगाबाइटांच्या फ्लॉपीवरून. म्हणून १९९३ साली निघालेल्या स्लॅकवेअर या संचाने वेगवेगळे गाभे घातलेल्या निरनिराळ्या फ्लॉपी पुरविल्या. आयडीई डिस्कवाल्याने एक घ्यावी, स्कझीवाल्याने दुसरी. निवड चुकली की धडधाकट डिस्कही प्रणालीला दिसत नसे, आणि नवशिक्या बिचारा डिस्कलाच दोष देई.

दशकाच्या मध्यास सुट्या ड्रायव्हरांची पद्धत रुळली. ड्रायव्हर डिस्कवर ठेवावा, गरज पडेल तेव्हा गाभ्याला जोडावा. ‘हवा’ आणि ‘नको’ यांच्या जोडीला ‘सुटा’ हे तिसरे उत्तर मिळाले. पण डिस्कचाच ड्रायव्हर डिस्कवर ठेवला, तर गाभ्याने तो वाचावा कसा? पेटीची किल्ली पेटीतच राहिली! यावर तोड निघाली ती अशी की, आरंभीच गाभ्यासोबत निवडक ड्रायव्हरांचे एक लहान गाठोडे स्मृतीत उतरवावयाचे.

पुढे स्मृती स्वस्त झाली, तथापि वाद मिटला नाही. आपला ड्रायव्हर सर्वांना हवाच, असे प्रत्येक कर्त्याला वाटते. म्हणून न मागता तो निवडला जाईल अशी योजना करू नका, असे टोरवाल्ड्स यांना वारंवार बजावावे लागले. अडगळ निरुपद्रवी नसते, हेही दिसून आले. २०१४ साली फ्लॉपीच्या ड्रायव्हरमध्ये असे दोष सापडले की सामान्य वापरणाऱ्यास त्यांतून सर्वाधिकार बळकावता यावेत. २०१९ मध्ये त्या ड्रायव्हरची नोंद ‘अनाथ’ अशी झाली. ज्याच्याकडे तो सोपविला होता, त्याच्याजवळ चाचणीपुरतीही चालती फ्लॉपी-यंत्रणा उरली नव्हती. तरीही तो काढला नाही. लवकरच दुसऱ्या एकाने त्याचे पालकत्व पत्करले.

जुन्या आयडीई ड्रायव्हरांचे नशीब तसे नव्हते. ज्या एटी डिस्कवर लिनक्सचा जन्म झाला, त्याच वंशाच्या डिस्कांचे हे दुभाषी. २०२१ च्या ५.१४ या आवृत्तीत तो सारा संच गाभ्यातून काढण्यात आला. त्या डिस्कांचे काम लिबएटीए या नव्या संचाने कधीच आपल्या हाती घेतले होते.